वरच्या खोलीत काय आहे

मित्रांनो, वीस तोंडं असूनही ज्याला कुणी कधी बोलू दिलं नाही, असा मी एक जुना फासा आहे. तुमच्या ओळखीचा चौकोनी फासा नव्हे. मला वीस बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूवर एक आकडा आहे. रंग बाटलीसारखा हिरवा. आकडे पूर्वी पांढरेशुभ्र होते, आता बोटं लागून लागून पुसट झालेत. एक कोपरा झिजल्यामुळे मी हवं त्यापेक्षा जरा जास्त घरंगळतो. तुम्ही म्हणाल, फाशाला कसलं आलंय आयुष्य? खरं आहे. मलाही त्याचं फारसं काही वाटत नाही. पण ज्या घरात मी राहिलो तिथे एका दुपारी जे घडलं, ते मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकलं आहे. तेवढं सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम पातळ प्लॅस्टिक साच्यात ओतलं, थंड झाल्यावर मला बाहेर काढलं आणि बारीक खड्यांबरोबर पिंपात घालून घुसळलं. त्या पिंपात माझ्या कडा गुळगुळीत झाल्या. मग कुणीतरी माझ्या आकड्यांत पांढरा रंग भरला आणि वरचा रंग फडक्याने पुसून टाकला. त्या वेळी दुखलं का, असं विचाराल तर नाही. मला दुखत नाही. एका लहान डबीत माझ्याबरोबर आणखी भावंडं होती. त्यातला चार बाजूंचा धाकटा फार टोकदार. अनवाणी पायाखाली आला की माणूस एका पायावर नाचतो आणि शिव्या मात्र आम्हा सगळ्यांना बसतात.

आम्हाला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने विकत घेतलं. त्याच्या तळहाताच्या रेघांत काळं ग्रीस कायमचं बसलेलं होतं, साबणाने कितीही घासलं तरी जात नसे. त्याची बायको शिवणकाम करायची. तिच्या बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून खरखरीतपणा आला होता. मला माणसं अशीच ओळखू येतात, हातांवरून. त्यांना एक लहान मुलगी होती. आईच्या बटणांच्या डब्यात हात घालून बसायची, म्हणून तिचं नाव बटण पडलं. शाळेच्या हजेरीत वेगळं नाव होतं, पण ते घरात कुणी वापरत नसे.

मी ज्या खेळासाठी आहे तो थोडक्यात सांगतो. एकजण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. गोष्ट चालवणारा म्हणतो, "समोर बंद दार आहे." पात्र म्हणतं, "मी ते ढकलते." दार उघडलं की नाही, हे मला टाकून ठरवायचं. आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. एवढंच माझं काम. आकडा लहान पडला की सगळे माझ्याकडे रागाने बघतात. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनातल्या मनात म्हणतो. पण ते अंगण मीच असतो, त्यामुळे माझी बाजू घेणारं कुणी नसतं.

लिफ्टवाल्याने एक छापील गोष्ट आणली होती. समुद्रात अर्धं बुडालेलं एक दीपगृह आहे. त्याचा दिवा अजून रोज पेटतो, पण पेटवतो कोण ते कुणाला माहीत नाही. पात्रांनी आत शिरायचं, मजले चढायचे आणि अगदी वरच्या खोलीत काय आहे ते बघायचं. लिफ्टवाला गोष्ट चालवायचा. बायको नावाडीण झाली होती आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे बटणचा मामा, तलवारबाज. मामा बेकरीत काम करायचा. त्याच्या हाताला कायम पीठ असे आणि मी त्याच्या हातून सुटलो की टेबलावर पांढरा ठिपका उमटे. बटण आईच्या मांडीवर बसायची आणि आईच्या वतीने मला टाकायची. माझे चांगले दिवस ते. कौतुक व्हायचं. मोठा आकडा पडला की बटण माझा मुका घ्यायची आणि आई म्हणायची, "अगं, तो टेबलाखाली पडला होता ना आत्ता?"

त्या घरात एक नियम होता, आणि तो आईने केलेला होता. एकदा मामाने त्या गोष्टीची पुस्तिका वाचायला नेली आणि पुढचे मजले, अगदी शेवटच्या जिन्यापर्यंत, आधीच वाचून आला. मग टेबलाशी बसून प्रत्येक दारापाशी, "ते नको, हे उघडा," असं सुरू केलं. आई वैतागली. म्हणाली, "आजपासून ठरलं. ज्याला गोष्ट माहीत आहे त्याने आधी बोलायचं नाही. बाकीचे ठरवतील तसं मुकाट्याने करायचं." मामाने कान पकडले. पुढे तो वाचलेलं सगळं विसरूनही गेला, त्याचं डोकंच तसं आहे.

दीपगृहाचा शेवटचा मजला राहिला होता तेव्हा आई आजारी पडली. आधी टेबलाशी बसून खेळायची, मग पलंगावर उशीला टेकून. मग खेळ थांबला. दवाखान्यात जाण्याआधी एकदा तिने मला हातात घेतलं होतं. तळहात गरम होता, तापाचा. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, वर काय आहे ते सांगा तरी."

तो म्हणाला, "बरी झालीस की खेळू. आत्ता सांगितलं तर मजा जाईल."

ती बरी झाली नाही. त्या दिवसांत बटणच्या शाळेची सहल निघाली. बटण बापाला विचारत होती, जाऊ का नको. तो म्हणाला, "जा. आई कुठे जातेय? परत आलीस की भेटेल." बटण सहलीला गेली आणि परत आली तेव्हा आई नव्हती. हे सगळं मी नंतर ऐकलं. मला तेव्हा आईच्या बटणांच्या डब्यात टाकून ठेवलं होतं, झाकण घट्ट बसलेलं होतं. आत अंधार होता आणि मला काही वाटलं नाही. डब्यात पुष्कळ दिवस पडून राहिलं की असंच होतं. आधी वाट बघतो, मग वाट बघणंही थांबतं.

असंच त्या घराचंही झालं असावं. झाकणातून आवाज यायचे. ताटं ठेवल्याचा, नळाचा, दार ओढून घेतल्याचा. दोघांचं बोलणं यायचं पण थोडं. "जेवलीस?" "हो." "उशीर होईल आज." "बरं." बटणने काही विचारलं की बापाचं एकच ठरलेलं उत्तर असे, "तुझी मर्जी." भांडणाचा आवाज कधीच आला नाही. भांडण झालं असतं तर निदान डबा हलला तरी असता.

मग बटणची शाळा संपली. पुढचं शिकायला ती मामाच्या गावी राहणार असं ठरलं; लग्नानंतर तो तिकडे राहायला गेला होता. तिच्या गावातही कॉलेज होतं, पण तिने अर्ज तिकडचा केला. बापाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुझी मर्जी." मामा आणि मामी तिला न्यायला आले. बॅग भरून दाराशी ठेवली होती, बस संध्याकाळची होती. जेवणं झाल्यावर करायला काही नव्हतं, आणि चौघं एका खोलीत नुसते बसले होते. तेव्हा बटणने डबा उघडला.

मला उजेड दिसला आणि बटणचा हात लागला. हात मोठा झाला होता. आईसारखाच खरखरीत होता, ती सुट्टीत शिवण करत होती वाटतं. तिने मला टेबलावर ठेवलं, पुस्तिका काढली आणि म्हणाली, "दीपगृह राहिलंय. संपवून जाते."

मामा म्हणाला, "आत्ता? अगं, बस आहे."

"बसला वेळ आहे. मी चालवते. मामा, तू तुझा तलवारबाज घे. बाबा, तुम्ही नावाडीण."

नावाडीण म्हणजे आईचं पात्र. बाप म्हणाला, "बरं." एवढंच. त्याने ते पात्र एखादी वस्तू सरकवून घ्यावी तसं घेतलं. मी त्याच्या समोर पडलो होतो. त्याचे हात टेबलावर एकावर एक ठेवलेले होते आणि ते हलत नव्हते.

मामी यापूर्वी कधीच खेळली नव्हती. ती पोस्टात खिडकीवर बसायची. बटणने तिला विचारलं, "तू कोण होतेस?" तर म्हणाली, "मला बाई टपालच येतं. मी दीपगृहात पत्र द्यायला आलेय." तसं ठरलं. त्या मजल्याच्या पहिल्या दाराशी मामाने तलवार काढली तेव्हा मामी म्हणाली, "अहो, आधी दार वाजवा की. असं कुणाच्या घरात शिरतात का?" तिने दार वाजवलं, मला टाकलं, वीस पडला आणि दार आपोआप उघडलं. मामा म्हणाला, "बघा! माझ्या जन्मात वीस पडत नाही. पीठ लागलेला हात आहे म्हणून फासा माझ्यावर रुसलाय." बटण जरा हसली. बाप हसला नाही. रागाने वगैरे नव्हे, त्याचं लक्षच हसण्याकडे नव्हतं.

गोष्ट त्याला पाठ होती. कुठे पाणी शिरलंय, कुठल्या कपाटात दोर आहे, सगळं. पण घरचा नियम त्याने काटेकोर पाळला. दर वळणावर मामा विचारायचा, "दाजी, डावीकडे का उजवीकडे?" आणि तो म्हणायचा, "तुम्ही ठरवाल तसं." त्यात नियम किती होता आणि नुसती सवय किती, ते मला सांगता येणार नाही. त्याचा आवाज मात्र अगदी तोच होता, जो मी डब्यात ऐकत होतो.

मग शेवटचा जिना आला. वरच्या खोलीकडे जाणारा. या जिन्यात एक पायरी आतून कुजलेली आहे आणि तिच्याखाली सरळ समुद्र आहे. पुस्तिकेत तसं छापलेलं आहे. बापाला ते माहीत होतं आणि बटणलाही, कारण ती गोष्ट चालवत होती. मामाला माहीत असायला हवं होतं, पण तो विसरला होता.

मामी म्हणाली, "पत्र माझ्याकडे आहे, तर मीच पुढे होते. जाऊ ना दाजी?"

तो म्हणाला, "जा."

मामीने मला टाकलं. मी घरंगळत गेलो आणि बिस्किटांच्या ताटलीला अडून थांबलो. दोन पडला. बटणने पुस्तिकेत बघितलं नाही. ती बापाकडे बघत होती. म्हणाली, "पायरी मोडली. खाली पाणी आहे. टपालवाली बाई खाली पडली."

"म्हणजे मेले मी?" मामीने विचारलं.

"हो."

"पत्रासकट?"

"हो, मामी."

"बरं झालं बाई, एकदाची सुटले. मग चहा तरी टाकते. मेलेल्या माणसाला दुसरं काम काय?" ती उठली आणि गॅसपाशी गेली. मामाला हसू आलं, पण बटणचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

बटण म्हणाली, "बाबा, तुम्हाला पायरी माहीत होती."

"हो. पण ज्याला माहीत आहे त्याने बोलायचं नाही ना. आईचाच नियम आहे."

"मामीने तुम्हाला विचारलं होतं. गप्प बसायचा नियम आहे. 'जा' म्हणायचा नाही."

बटणचा आवाज वाढला नव्हता. ती बोलत होती ते दुकानात किंमत विचारावी इतक्या साध्या आवाजात.

"लिफ्टचं दार उघडायच्या आधी तुम्ही काय करता?"

"कठडा लावतो," तो म्हणाला. "पाटी लावतो. काम चालू आहे म्हणून."

"कशाला?"

"कुणी चुकून आत पाऊल टाकू नये म्हणून."

"मी सहलीला निघाले त्या दिवशी पाटी कुठे होती, बाबा?"

मामी गॅसपाशी तशीच उभी राहिली. मी ताटलीला टेकून पडलो होतो. माझ्यावर अजून दोनच होता आणि मला कुणी उचलत नव्हतं. बापाचे हात पहिल्यांदा हलले. त्याने ते टेबलाच्या कडेला घट्ट धरले.

तो म्हणाला, "डॉक्टरांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आता थोडेच दिवस आहेत म्हणून. मी घरी आलो आणि तुझी बॅग भरली."

"मोजे जास्त ठेवले होतेत."

"हो. पाऊस असेल म्हणून."

"का सांगितलं नाहीत?"

"तू मैत्रिणीशी फोनवर बोलत होतीस. हसत होतीस. मला वाटलं, अजून चार दिवस हसू दे. नंतर आहेच. दुसरं काही सुचलं नाही. मला तेव्हा काहीच सुचत नव्हतं. आत अगदी बधिर झालं होतं. अजून आहे."

"आईने माझ्याबद्दल विचारलं होतं का?"

त्याने टेबलाची कड सोडली. "विचारलं. बटण कुठे आहे, म्हणाली. मी म्हटलं, येतेय. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी परत तेच म्हटलं."

मामाने तोंडावर हात धरला. बहिणीने असं विचारल्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. बटण रडली नाही. रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मी त्या वेळी विचारलं असतं, आई मरणार आहे का, तर सांगितलं असतंत?"

"नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, मी आयुष्यभर टेबलावर माणसांची बोलणी ऐकली आहेत. 'हो' म्हणून सुटका करून घेता आली असती. त्याने घेतली नाही. बटणने पुस्तिका मिटली.

"आणखी काय माहीत आहे तुम्हाला, जे मला सांगितलं नाही?"

"वरच्या खोलीत काही नाही."

"ते मला माहीत आहे. पुस्तक माझ्याकडे आहे."

मामा म्हणाला, "थांबा, थांबा. वर काहीच नाही? मी इतकी वर्षं तलवार घेऊन चढतोय तो कशासाठी?"

"एक खुर्ची आहे आणि एक खिडकी," बाप म्हणाला. "दिवा पेटवणारा केव्हाच निघून गेलाय. दिवा आपोआप पेटतो. एवढंच लिहिलंय. बटण, तुझी आई विचारत होती, वर काय आहे सांगा. इतके मजले चढून आलेल्या बाईला रिकामी खोली कशी सांगू? मला वाटलं, काहीतरी चांगलं रचून वर घालीन. रोज विचार करायचो. सुचेपर्यंत ती गेली. सांगून टाकायला हवं होतं. हसली असती ती. म्हणाली असती, एवढ्यासाठी मला नाव वल्हवायला लावलीत?"

या वाक्याला तो स्वतःच हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. मग तो रडला. मोठ्याने नाही. बटण आपल्या खुर्चीत बसून राहिली. ती उठून त्याच्याजवळ गेली नाही, पण तिने नजरही वळवली नाही. मामीने चार कप आणून ठेवले आणि मला ताटलीपासून हळूच बाजूला सरकवलं, चहा सांडू नये म्हणून.

थोड्या वेळाने बटण म्हणाली, "आणखी?"

तो म्हणाला, "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तुझी मर्जी, तुझी मर्जी म्हणत राहिलो. माझी मर्जी नाहीये. तू गेलीस तर या घरात मी कसा राहू, मला कळत नाही."

बटणने कप हातात घेतला. चहा गरम होता, तिने तो खाली ठेवला. "मी जाणार आहे, बाबा."

"जा."

"तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा."

"बरं."

"पण हे बरं केलंत. सांगितलंत."

मग बस गाठायची धावपळ सुरू झाली. मामाने बॅग उचलली, मामीने कप विसळले. बाप खाली थांब्यापर्यंत गेला. वरच्या खोलीपर्यंत कुणी पोचलं नाही. मला डब्यात ठेवायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तो परत आला, दिवा लावला आणि टेबलाशी बसला. त्याने मला उचललं. टाकलं नाही, नुसतं धरून बसला. त्याचा हात ओला होता. त्या वेळी मला काहीतरी वाटलं असावं. नक्की काय ते मला सांगता येत नाही, मला त्याची सवय नाही.

मित्रांनो, आमची नीट काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगायला हवं. सांगतो. आम्हाला उन्हात ठेवू नका, आमचा रंग उडतो. त्या टोकदार धाकट्याला जमिनीवर सोडू नका. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. जे तुम्हाला ठाऊक आहे ते माझ्यावर सोपवू नका. दार उघडेल की नाही, एवढंच मी ठरवू शकतो. आत पाणी आहे हे मला बोलता येत नाही. ते ज्याला माहीत आहे, त्यानेच तोंड उघडावं. माझ्यासारखी वीस तोंडं लागत नाहीत त्याला, एक पुरतं.

मी अजून त्या टेबलावरच असतो. दर रविवारी लिफ्टवाला फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा करतो आणि पलीकडून बटण बोलते. परवा तिने "हॅलो" म्हणायच्या आतच तो म्हणाला, "ऐक, काल कामावर हात कापला. टाके पडलेत. काल सांगणार होतो, पण सांगितलं नाही. दुखतंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "दाखवा बघू."